ऐतिहासिक प्रसंगाचे चित्र कसे उभे करावे: नवोदित चित्रकारांसाठी मार्गदर्शन

आपण न पाहिलेला, आपल्या जन्माच्या कितीतरी आधी घडून गेलेला प्रसंग कॅनव्हासवर उतरवायचा, तर चांगल्या हाताइतकीच चांगल्या चौकशीची गरज असते. ज्यांना मानवाकृतीचे रेखाटन बऱ्यापैकी जमते आणि तैलरंग, जलरंग किंवा अ‍ॅक्रिलिक यांपैकी एका माध्यमाची सवय झाली आहे, पण ऐतिहासिक चित्राला कधी हात घातलेला नाही, अशांसाठी हा लेख आहे. ब्रश कसा धरावा हे येथे सांगितलेले नाही. प्रसंग निवडण्यापासून चित्राखालची टीप लिहिण्यापर्यंत कामाचा क्रम कसा असावा आणि नवशिके कोठे अडखळतात, एवढेच सांगितले आहे. चित्रात दिसणाऱ्या प्रत्येक वस्तूबद्दल ‘ही येथे कशाच्या आधारावर आली’ असे कोणी विचारले तर चित्रकाराला उत्तर देता आले पाहिजे, अशी माझी ठाम धारणा आहे, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या याच धारणेतून आल्या आहेत.

पहिली पायरी: प्रसंगातला एक क्षण निवडा

लढाई, राज्याभिषेक, तह, जहाजबुडी हे सगळे प्रसंग आहेत आणि ते तासन्‌तास, कधी कधी दिवसेंदिवस चालतात. चित्राला मात्र एकच क्षण मिळतो. नवशिका चित्रकार बहुधा सर्वांत गाजलेला, सर्वांत धामधुमीचा क्षण उचलतो आणि मग उगारलेल्या शस्त्रांच्या गर्दीत कोण काय करत आहे हेच पाहणाऱ्याला कळत नाही.

क्षण निवडण्याच्या बाबतीत थिओडोर जेरिको या फ्रेंच चित्रकाराची कामाची पद्धत बारकाईने अभ्यासण्यासारखी आहे. ‘मेड्युसा’ हे फ्रेंच जहाज 1816 साली आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात रुतले. बोटींत जागा न मिळालेल्या सुमारे 150 माणसांना घाईघाईने बांधलेल्या तराफ्यावर चढवण्यात आले आणि पुढे तो तराफा समुद्रात वाऱ्यावर सोडून देण्यात आला. 13 दिवसांनी ‘आर्गस’ या जहाजाला तो सापडला, तेव्हा त्यावर केवळ 15 माणसे जिवंत होती. हा विषय हाती घेतल्यावर जेरिको वाचलेल्या माणसांना भेटला, जहाजावरच्या सुतारालाच सांगून त्याने तराफ्याची लहान प्रतिकृती करून घेतली, आणि आजारी व मृत देहांचा रंग कसा दिसतो हे पाहण्यासाठी रुग्णालयात जाऊन अभ्यास केला. त्याने तराफ्यावरच्या बंडाळीची, नरमांसभक्षणाची आणि प्रत्यक्ष सुटकेचीही रेखाटने करून पाहिली. यांतला कोणताही क्षण सहज खपून गेला असता. परंतु 1819 साली लोकांसमोर आलेल्या चित्रात आहे तो क्षण वेगळाच आहे. क्षितिजावर जहाज नुकतेच दिसले आहे, ते ठिपक्याएवढे आहे, आणि त्यावरच्या लोकांनी आपल्याला पाहिले की नाही हे तराफ्यावर कोणालाच ठाऊक नाही. डाव्या खालच्या कोपऱ्यात प्रेते आणि सुन्न बसलेला वृद्ध आहे, तेथून माणसांची रांग चढत चढत उजव्या वरच्या बाजूला कापड हलवणाऱ्या माणसापर्यंत जाते, आणि वारा भरलेले शीड तराफ्याला भलत्याच दिशेला ओढत आहे. घडून गेलेले, घडत असलेले आणि कदाचित घडेल असे, हे तिन्ही त्या एका क्षणात एकत्र दिसतात. त्यामुळेच तो क्षण चित्रासाठी योग्य ठरला.

तुम्ही हेच लहान प्रमाणात करा. निवडलेला प्रसंग दहा-पंधरा क्षणांत मोडा आणि प्रत्येकासाठी एक वाक्य लिहा. मग प्रत्येक वाक्याखाली आगपेटीएवढ्या चौकटीत झटपट रेखाटन करा. चेहरे काढू नका, फक्त काळे-पांढरे आकार काढा. ज्या क्षणी माणसांच्या नजरा एकमेकांकडे किंवा एखाद्या वस्तूकडे ओढल्या गेलेल्या असतात आणि पुढे काय होणार हे अजून ठरलेले नसते, तो क्षण बहुतेक वेळा चित्राला मानवतो. पहिल्या चित्रासाठी दोन-तीन माणसांचा, दिवसाउजेडी घडलेला प्रसंग घ्या. घोडदळ, समुद्र आणि मशालींचा उजेड एकाच चित्रात घेण्याचा मोह पहिल्या खेपेला टाळलेला बरा.

दुसरी पायरी: साधने गोळा करा आणि त्यांची प्रतवारी लावा

साधने ढोबळमानाने चार ठिकाणी सापडतात: त्या काळातले लेखन, त्या काळातल्या टिकून राहिलेल्या वस्तू, प्रसंग घडला ती जागा, आणि त्याच काळात काढलेली चित्रे किंवा शिल्पे. चित्रकाराने लेखन वाचताना इतिहासकारापेक्षा वेगळ्या गोष्टी शोधायच्या असतात. तहाची कलमे काय होती यापेक्षा त्या दिवशी पाऊस होता का, कोण बसले होते आणि कोण उभे होते, कोणाच्या हातात काय होते, दोन माणसांत अंतर किती होते, या नोंदी आपल्या कामाच्या असतात. पत्रे, दैनंदिन्या, हिशेबाच्या वह्या आणि मालमत्तेच्या याद्या यांत असे तपशील अनपेक्षितपणे सापडतात. कापडाचा रंग आणि गजांचा आकडा हिशेबनिसाने लिहून ठेवलेला असतो, तर बखरकाराला किंवा दरबारी लेखकाला त्याची फिकीर नसते.

सर्वांत मोठा धोका आधीच्या चित्रकारांचा असतो. प्रसंगानंतर शंभर वर्षांनी काढलेले चित्र प्रसिद्ध झाले, घरोघरी छापील स्वरूपात पोहोचले, की पुढच्या चित्रकारांना तेच साधन वाटू लागते. एमानुएल लॉयट्झे याने 1851 साली जॉर्ज वॉशिंग्टन डेलावेअर नदी ओलांडतानाचे भव्य चित्र पूर्ण केले. ही घटना 1776 सालच्या 25-26 डिसेंबरच्या रात्रीची आहे. चित्रात मात्र बऱ्यापैकी उजेड आहे, होडी प्रत्यक्ष वापरलेल्या होड्यांच्या मानाने फारच लहान आहे, आणि होडीत फडकणारा ताऱ्यांचा ध्वज तर जून 1777 मध्ये, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ सहा महिन्यांनी, स्वीकारला गेला. लॉयट्झेचे चित्र म्हणून ते प्रभावी आहे यात वाद नाही, परंतु 1776 च्या ध्वजाचा पुरावा म्हणून ते वापरता येणार नाही. चित्रपटातले पोशाख, मालिकांतले वाडे आणि संगणकाने तयार केलेली ‘जुनी दिसणारी’ चित्रे यांनाही हाच नियम लावा. ती पाहायला हरकत नाही; आधार म्हणून मात्र घेऊ नका.

तिसरी पायरी: तीन रकान्यांची नोंदवही ठेवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते संपूर्ण कामात हिच्याइतकी उपयोगी दुसरी कोणतीही पायरी नाही. वहीच्या पानावर तीन रकाने आखा आणि त्यांना ‘माहीत’, ‘अनुमान’ आणि ‘कल्पना’ अशी नावे द्या. चित्रात येणारी प्रत्येक गोष्ट यांपैकी एकाच रकान्यात लिहा. पहिल्या रकान्यातल्या नोंदीसमोर ती कोठे सापडली हे लिहा, दुसऱ्यातल्या नोंदीसमोर अनुमानाचे कारण लिहा, आणि तिसरा रकाना लपवू नका.

उदाहरणादाखल, नऊ दिवसांची राणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इंग्लंडच्या जेन ग्रेचा 12 फेब्रुवारी 1554 रोजी शिरच्छेद झाला, तो प्रसंग घेऊ. पॉल देलारोश याने 1833 साली रंगवलेले त्याचे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. डोळ्यांवर पट्टी बांधलेली जेन हाताने ठोकळा चाचपडत आहे आणि एक माणूस तिला हळुवारपणे पुढे नेत आहे. चाचपडणारे हात समकालीन वृत्तान्तातून आले आहेत. पट्टी बांधल्यावर तिला ठोकळा सापडेना आणि ‘आता काय करू? कुठे आहे तो?’ असे तिने विचारले, अशी नोंद आहे. देलारोशने इतक्या नोंदींमधून नेमकी हीच उचलली, यात त्याची दृष्टी दिसते. पण त्याने प्रसंग अंधाऱ्या, दगडी खोलीत घडताना दाखवला आहे, आणि प्रत्यक्षात तो टॉवर ऑफ लंडनच्या आवारात उघड्यावर, सकाळी घडला होता.

आता हाच प्रसंग तुम्ही नव्याने रंगवणार असाल तर नोंदवहीचे पान साधारण असे भरेल. ‘माहीत’ या रकान्यात उघडी जागा, सकाळची वेळ, डोळ्यांवरची पट्टी, चाचपडणे आणि तिने येताना हातात धरलेले प्रार्थनेचे पुस्तक येईल. ‘अनुमान’ या रकान्यात फेब्रुवारीतली पानगळ झालेली झाडे, थंडीमुळे दिसणारी श्वासांची वाफ आणि उपस्थितांचे जाड लोकरी कपडे येतील, कारण ऋतू आणि ठिकाण ठाऊक आहे. आणि तिचा चेहरा? जेनचे निर्विवाद मानले जाणारे समकालीन व्यक्तिचित्र उपलब्ध नसल्याने तो ‘कल्पना’ या रकान्यातच लिहावा लागेल. एकदा असे पान भरले की काही निर्णय आपोआप होतात: चेहरा काल्पनिक आहे तर त्यावर सर्व भार न टाकता हातांवर प्रकाश टाकावा, कारण हातांचा आधार पक्का आहे.

चौथी पायरी: कालविसंगती शोधून काढा

चुकीचे शस्त्र किंवा चुकीचे पागोटे जाणकारांच्या लगेच लक्षात येते, आणि चित्रकारही त्याबाबत सावध असतो. विसंगती शिरते ती ज्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही अशा कोपऱ्यांतून. वनस्पतींचेच पाहा. मका, बटाटा, टोमॅटो, मिरची, सूर्यफूल आणि फड्या निवडुंग ही सारी मूळची अमेरिका खंडांतली. 1492 पूर्वीच्या युरोपातल्या किंवा आशियातल्या दृश्यात ती दिसता कामा नयेत, आणि त्यानंतरही प्रत्येक प्रदेशात ती कधी पोहोचली हे वेगळे तपासावे लागते. माळरानावर सहज म्हणून काढलेला निवडुंग अशा रीतीने चित्राला काही शतके पुढे ढकलतो.

रंगांचेही तसेच आहे. विल्यम पर्किन याने 1856 साली पहिला व्यापारी कृत्रिम कापडरंग, जांभळा ‘मॉव्ह’, शोधला. त्याआधी कापड नीळ, मंजिष्ठ, केशर, कोचिनील किडा अशा वनस्पतिज, प्राणिज आणि काही खनिज द्रव्यांनी रंगवले जाई. त्या रंगांतही भडकपणा होता, हे संग्रहालयातल्या टिकून राहिलेल्या कापडाच्या आतल्या, उजेड न लागलेल्या बाजूवरून कळते. पण आजच्या झगझगीत गुलाबी-जांभळ्या छटा सैनिकांच्या कमरबंदांवर चढवल्या की काळ बिघडतो. नैसर्गिक रंग उन्हाने विटतात आणि धुण्याने उतरतात, म्हणून एकाच पथकातल्या दहा माणसांचे कपडे दहा किंचित वेगळ्या छटांचे काढणे अधिक खरे ठरते.

याच्या उलट चूकही होते. आज भग्न आणि रंगहीन दिसणारी वास्तू त्या दिवशीही तशीच होती असे आपण नकळत गृहीत धरतो. प्राचीन ग्रीसची मंदिरे आणि पुतळे शुभ्र संगमरवरी असल्याची समजूत अनेक चित्रांनी रूढ केली, पण त्यांवर रंग होते आणि त्यांचे अवशेष आजही सापडतात. किल्ला, मंदिर, राजवाडा यांचे आजचे छायाचित्र घेऊन काम करताना प्रसंगाच्या वर्षी ती इमारत किती वर्षांची होती हे काढा. नुकत्याच बांधलेल्या भिंतीवर शेवाळ नसते. तिच्या आजूबाजूला गवंड्यांचे उरलेसुरले सामान असू शकते.

पाचवी पायरी: त्या दिवसाचा आणि त्या घटकेचा उजेड ठरवा

जागा, तारीख आणि वेळ ठाऊक असेल तर सूर्य कोठे होता हे ठरवता येते, आणि मग सावल्या मनाने टाकायची गरज राहत नाही. जागेचा नकाशा घ्या, उत्तर दिशा काढा, प्रसंग पाहणारा कोठे उभा आहे ते ठरवा. सूर्याची दिशा आणि उंची दाखवणारी संगणक-साधने आता सहज मिळतात. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते: युरोपातल्या जुन्या तारखा जूलियन पंचांगाच्या असू शकतात. 16 व्या शतकात जूलियन आणि आजच्या ग्रेगोरियन पंचांगांत 10 दिवसांचा फरक होता, म्हणून जेन ग्रेच्या प्रसंगासाठी सूर्य आजच्या 22 फेब्रुवारीचा घ्यावा लागेल.

रात्रीच्या प्रसंगासाठी चांद्र पंचांगाची तारीख मिळाली तर काम सोपे होते, कारण तिथीतच चंद्राची कला सांगितलेली असते. शुद्ध अष्टमीला अर्धा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या आसपास मावळतो; वद्य अष्टमीला तो मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. इस्लामी तारीख चंद्रदर्शनापासून मोजली जात असल्याने तिथीशी एखाद-दुसऱ्या दिवसाचा फरक पडतो, पण चंद्राचा आकार ठरवायला तीही पुरेशी आहे. मावळलेल्या चंद्राचा प्रकाश तटबंदीवर सांडलेला दाखवण्यापेक्षा दहा मिनिटे पंचांगात घालवलेली बरी.

दिव्याच्या उजेडासाठी एकच नियम ध्यानात ठेवा: ज्योतीपासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथा हिस्सा उरतो. काळोख्या खोलीत एक ज्योत लावून हातभर अंतरावर आणि दोन हातांवर एकेक माणूस बसवा आणि डोळ्यांनी पाहा. कॅमेरा हा फरक स्वतःच्या मर्जीने बदलतो.

सहावी पायरी: रचना

दिएगो वेलास्केसच्या ‘ब्रेडाची शरणागती’ या चित्रातून गर्दी कशी दाखवावी हे शिकावे. शरणागती 1625 ची आहे आणि चित्र साधारण 1635 चे. मध्यभागी दोनच माणसे महत्त्वाची आहेत: पराभूत सेनापती नगराची किल्ली पुढे करत आहे आणि विजयी सेनापती स्पिनोला त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला गुडघे टेकू देत नाही. उजवीकडे मोजकेच चेहरे आहेत, आणि त्यांच्यामागे उभ्या भाल्यांची दाट ओळ आहे. तेवढ्याने तेथे संपूर्ण सेना उभी असल्याचे आपल्याला पटते. वेलास्केस प्रसंगाला हजर नव्हता, पण 1629 साली इटलीला जाताना तो स्पिनोलाच्याच जहाजातून गेला होता, त्यामुळे तो चेहरा त्याच्या चांगला ओळखीचा होता. शंभर माणसे काढू नका. आठ माणसे नीट काढा आणि बाकीच्यांची शस्त्रे, निशाणे, डोकी आणि सावल्या दाखवा.

क्षितिजरेषेची उंची आधी ठरवा, कारण तिच्यावरून पाहणारा कोण आहे हे ठरते. सपाट जमिनीवर सारखी उंची असलेल्या उभ्या माणसांच्या डोळ्यांची पातळी, पाहणाराही उभाच असेल तर, जवळ-दूर सर्वांची क्षितिजरेषेवरच येते. एवढे सांभाळले तरी मागची माणसे हवेत तरंगत नाहीत.

सातवी पायरी: माणसे, कापड आणि घोडे प्रत्यक्ष पाहा

पोशाख चित्रातून उतरवू नका; जमेल तेवढा शिवा, नेसा आणि त्यात हालचाल करा. अर्नेस्ट मेसोनिए याने 1864 साली नेपोलियनच्या 1814 सालच्या माघारीचे चित्र केले, तेव्हा नेपोलियनच्या करड्या कोटाची प्रतिकृती शिवून घेतली होती. ते चित्र अवघे सुमारे 51 × 76 सेंटिमीटरचे आहे, म्हणजे एवढ्या कष्टासाठी भव्य कॅनव्हासच हवा असे नाही. अस्सल कापड परवडत नसेल तर निदान त्याच वजनाचे घ्या, कारण चुण्या वजनावर अवलंबून असतात. जाड लोकर मोठ्या, गोल घड्या देते, रेशीम कोनदार आणि तुटक घड्या देते, तर मऊ सुती कापड अंगाला चिकटून लहान चुण्या पाडते. मॉडेलला अर्धा तास त्या कपड्यांत चालू द्या, बसू द्या, मग रेखाटन करा. नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यातला मावळा किंवा शिलेदार नाटकातला वाटतो.

घोड्यांच्या बाबतीत जुन्या चित्रांवर मुळीच विसंबू नका. जेरिकोसारख्या घोड्यांच्या जाणकारानेही 1821 च्या एप्समच्या शर्यतीच्या चित्रात चारही पाय पुढे-मागे ताणलेले घोडे हवेत दाखवले आहेत. एडवर्ड मायब्रिजच्या 1878 च्या छायाचित्रांनी सिद्ध केले की भरधाव घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. काही जण जुन्या काळाचे चित्र म्हणून जुनीच ढब ठेवतात. मला ते पटत नाही, कारण घोडा तेव्हाही असाच धावत होता.

आठवी पायरी: रंगकाम

येथे नेहमीच्या चित्रापेक्षा फारसे वेगळे काही नाही. अंतिम रेखाटनावर चौकटी पाडून ते कॅनव्हासवर मोठे करा, एका तपकिरी छटेत छायाप्रकाश बसवून घ्या आणि मग रंग चढवा. तैलरंगात खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे अधिक तेलाचे ठेवा, नाहीतर पुढे तडे जातात. इतकी माहिती गोळा केल्यावर ती सगळी दाखवण्याची ओढ मात्र आवरावी लागते. निवडलेल्या क्षणाला ज्याची मदत होत नाही, तो तपशील कितीही अस्सल असला तरी सावलीत विरू द्या.

नववी पायरी: तपासणी आणि टीप

रंगकाम निम्मे झाले असतानाच चित्र दोन प्रकारच्या लोकांना दाखवा. पहिला त्या काळाचा जाणकार असावा. त्याला ‘कसे वाटते’ असे मोघम न विचारता नोंदवहीतला ‘अनुमान’ हा रकाना वाचून दाखवा आणि कोठे मतभेद आहे ते लिहून घ्या. दुसऱ्याला प्रसंग अजिबात ठाऊक नसावा. त्याला चित्रात काय चालले आहे एवढेच सांगायला लावा. पहिल्याच्या सूचनांनी वस्तू बदलतील, दुसऱ्याच्या उत्तराने कदाचित रचना बदलावी लागेल, म्हणून हे काम वार्निश लावण्याच्या दिवसापर्यंत लांबवू नका.

चित्र कोणी सांगून करून घेत असेल तर आणखी एक प्रश्न उभा राहतो. नेपोलियनचा राज्याभिषेक 2 डिसेंबर 1804 रोजी झाला, तेव्हा त्याची आई लेतित्सिया समारंभाला आलीच नव्हती. जाक-लुई दाविदने 1807 साली पूर्ण केलेल्या प्रचंड चित्रात मात्र ती मानाच्या जागी बसलेली आहे. असा आग्रह आजही होतो: अमुक पूर्वजाला पुढे आणा, तमुक व्यक्तीला वगळा. काम स्वीकारण्यापूर्वीच, कोणत्या गोष्टी साधनांप्रमाणे राहतील आणि कोणत्या बाबतींत सूट घेता येईल, हे लेखी ठरवून घ्या.

शेवटी चित्रासोबत ठेवण्यासाठी एक टीप लिहा. तीत प्रसंगाचे वर्ष आणि चित्राचे वर्ष दोन्ही स्पष्ट द्या, मुख्य आधार कोणते ते सांगा, आणि ‘कल्पना’ या रकान्यातल्या दोन-तीन ठळक गोष्टी, विशेषतः काल्पनिक चेहरे, नाव घेऊन नमूद करा. ही टीप पाच-सहा ओळींपेक्षा मोठी नसावी; एक प्रत चित्राच्या मागच्या बाजूला चिकटवा आणि छायाचित्र कोठेही पाठवताना मजकूर त्यासोबतच पाठवा. नोंदवही जपून ठेवा, कारण नवे साधन उजेडात आले तर कोणता भाग दुरुस्त करायचा हे तीच सांगेल.